उसाचं पहिलं कांडं

"तोंडात काय आहे तुमच्या?" बोराटे गुरुजींनी शिट्टी फुंकून मला मध्यरेषेवरच थांबवलं.

"ज्येष्ठमध," मी म्हणाले.

"थुंका. दम स्पष्ट ऐकू यायला पाहिजे. काडी चघळत कबड्डी म्हणता येत नाही."

माघी पौर्णिमेची दुपार. भैरोबाच्या देवळामागचं मैदान, चुन्याच्या ताज्या रेघा, आणि चारही बाजूंनी अख्खी कोरेवाडी. हलगीवाला मध्येच थांबला. समोरच्या अंगणात सातजणी पदर खोचून, हातात हात धरून वाकलेल्या, आणि त्यांच्या मधोमध आमच्या मालन वन्सं. माझ्या नवऱ्याची बहीण. गेली पाच वर्षं मला धूळ चारणारी.

माझं डोकंच फिरलं. मी गुरुजींना ऐकवलं की माझी काडी तुम्हाला दिसते, आणि मालन वन्संचा दम काय मोठा घंटेसारखा असतो? चार-पाच वर्षांपासून त्यांची कबड्डी अशी बोबडी ऐकू येते की आम्ही सुना घरी त्यांची नक्कल करतो. ती चालते का?

लोक हसले. मालन वन्संनी पदराचं टोक ओठांवर धरलं आणि दुसरीकडे पाहिलं. मला वाटलं, बरी जिरली.

ज्येष्ठमध थुंकून मी आत शिरले. चार पावलं गेले नाही तोच जीभ टाळूला चिकटली, टोकाला कुणी निखारा टेकवावा तशी आग झाली, दम तुटला आणि लेकींनी मला अलगद झोपवलं. पहिल्याच चढाईत मी बाद.

हा खेळ आमच्या गावाचा फार जुना आहे. जत्रेला आलेल्या माहेरवाशिणी, म्हणजे गावच्या लेकी, एका बाजूला, गावच्या सुना दुसऱ्या बाजूला. पोरीसोरी शाळेत खेळतात, त्यांना इथे घेत नाहीत. लग्नाला पंधरा वर्षं झालेली बाईच मैदानात उतरते. त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्या, चष्मा लेकीकडे काढून देणाऱ्या बायका वर्षातून एक दिवस अशा काही तुटून पडतात की बघणाऱ्याला धाप लागावी. जिंकणाऱ्यांना नारळ नाही, ढाल नाही. हरलेल्यांच्या कप्तानाने सगळ्यांसमोर उसाचं पहिलं कांडं दातांनी सोलायचं आणि जिंकलेल्या कप्तानाच्या हातात द्यायचं, एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही वर्षभर एकमेकींना डिवचत असू.

सुनांची कप्तान मी. त्या साली मला एकोणपन्नासावं लागलं होतं. पाच वर्षं लागोपाठ मी मालन वन्संना ऊस सोलून दिला होता, आणि शेवटच्या वेळी तर सोलताना डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटलं, हरल्याचं. ते तोंडाचं होतं.

दीड वर्ष माझं तोंड जळत होतं. सकाळी उठल्यावर बरं असायचं. दुपारपासून जिभेचा शेंडा, ओठांची आतली बाजू, हिरड्या धगधगायला लागायच्या, आणि दिवेलागणीला तर गरम भाकरीचा तुकडा तोंडाजवळ आला तरी नको वाटायचं. आरशात पाहावं तर काहीच नाही. फोड नाही, चट्टा नाही. मी मिरची सोडली, चहा सोडला. गुलकंद खाल्ला, तूप लावलं, तुरटीच्या पाण्याने चुळा भरल्या. अंगणवाडीत पोरांना गाणी शिकवताना मला ओठ मिटून घ्यावे लागायचे. "बाई रागावल्या," असं पोरं एकमेकांना सांगायची. मी रागावलेली असायचेच, म्हणा. तीन-तीन तास झोप झालेलं माणूस दुसरं काय करणार? अंथरुणावर पडले की अंगाला दरदरून घाम सुटायचा, छाती धडधडायची. पण झोपेची तक्रार घेऊन कोण जातं डॉक्टरकडे?

दुखणं तोंडात, म्हणजे दात. हे मी स्वतःच ठरवलं होतं. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कीड नाही, मला काढण्यासारखं काही दिसत नाही. मी म्हणाले, तुम्हाला दिसत नसेल, मला जळतंय. मी इतकं मागे लागले की त्यांनी एक दाढ काढली. फरक पडला नाही. मी म्हणाले, चुकीची काढलीत, तिच्या शेजारची. ती काढली. तरी फरक नाही. शेवटी एके दिवशी मी त्यांच्यासमोर बसून रडले आणि म्हणाले की सगळेच काढा, कवळी बसवून मोकळी होते. ते नको नको म्हणत होते, पण मी ऐकणारी बाई नव्हे. खालच्या ओळीपासून सुरुवात करायची ठरली. जत्रेनंतरचा सोमवार.

मालन वन्सं भोसरीहून गुरुवारीच आल्या. त्यांचे मालक तिथे कारखान्यात होते. आल्या आल्या मी त्यांना चहा दिला, आणि कप हातात धरून त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. सोमवारच्या चौकोनात मी पेनाने 'दात' असं लिहून ठेवलं होतं.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"सगळे," मी म्हणाले.

मालन वन्संनी कप खाली ठेवला. मग त्या एकेक विचारायला लागल्या. जळजळ सकाळी असते का संध्याकाळी, झोप लागते का, घाम येतो का, पाळी कधीपासून मागेपुढे होते. मला हे पोलिसी प्रश्न आवडेनात. तोंड जळतंय माझं, त्यात पाळीचं आणि झोपेचं काय काढलंय, असं मी फटकन म्हणाले. मालन वन्सं म्हणजे नणंद, आणि नणंदेने वय काढलं की ते टोमण्यासारखंच लागतं.

"वयनी," त्या म्हणाल्या, "शनवारी खेळ हाय. आमी जिंकलो तर सोमवारी तुमी दाताकडं जायाचं न्हाई. माज्यासंगं पुण्याला यायचं. बाईमाणसांच्या डाक्टरणीला दाखवायचं."

"आणि आम्ही जिंकलो तर?"

"तर खुशाल जावा. मी एक शबुद बोलायची न्हाई."

मी हसले. तोंडाच्या दुखण्याला बायकांची डॉक्टर! पण पैज म्हटली की मला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना पंचवीस वर्षांपासून माहीत होतं. मी हातावर हात मारला. तेव्हाच मनाशी ठरवलं की यंदा जिंकायचं, ऊस त्यांच्याकडून सोलून घ्यायचा आणि सोमवारी दात काढून यायचं. एका दगडात सगळे हिशेब चुकते.

अर्ध्या खेळापर्यंत माझ्या त्या ठरवण्याची पार वाट लागली होती. लेकी अकरा, सुना सहा. मी दोनदा बाद झाले, दोन्ही वेळा दम तुटून. बाहेर बसले की तोंडात ज्येष्ठमध, आत जायची वेळ आली की थुंकायचा, असा माझा उद्योग चालला होता. आमची शांताक्का, साठीची बाई, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली की कप्तान, तू बसच, आम्ही बघतो. ते मला लागलं.

दुसरा डाव सुरू झाला आणि खेळाने रंग धरला. शांताक्काने चढाईत खाली बसून पाय लांबवून एकीला बाद केलं, आणि साठीची ती बाई परत येताना कोलांटी खाऊन आली. हलगी चढली. आमच्या जाऊबाईंनी लेकींच्या दांडग्या चढाईवालीची कंबर अशी धरली की दोघी मिळून चुन्याची रेघ पुसून बाहेर गेल्या. बारा-नऊ. तेरा-बारा. सासरे मंडळी, जी एरवी सुनांसमोर खाकरल्याशिवाय येत नाहीत, ती खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. कुणाचं पोर कुणाच्या कडेवर होतं याचा पत्ता नव्हता. मालन वन्सं तर वाघिणीसारख्या खेळत होत्या. बावन्नाव्या वर्षी त्या ज्या तऱ्हेने घोटा धरायच्या, तशी पकड मी अजून दुसऱ्या बाईची पाहिलेली नाही. ती पैज त्यांनी जिवावर घेतली आहे, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. का, ते कळत नव्हतं.

सतरा-सोळा. लेकी एकाने पुढे. शेवटची चढाई, आणि ती माझी.

समोर तिघी उरल्या होत्या. मला दोन हव्या होत्या. गुरुजींनी हात वर केला, मी ज्येष्ठमध थुंकला, छाती भरून श्वास घेतला आणि आत शिरले.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी. डाव्या कोपऱ्यातली पुढे आली, मी मागे सरले. मालन वन्सं उजवीकडून वळसा घालत होत्या. मी त्यांच्याकडे झेप घेतल्यासारखं केलं आणि उलटी फिरून डाव्या कोपऱ्यातलीच्या खांद्याला हात लावला. एक! मैदान उसळलं. मी वळले, रेषा पाच पावलांवर, आणि त्याच क्षणी माझा उजवा घोटा पकडीत सापडला. मालन वन्सं.

मी आडवी आदळले. तोंडात माती गेली. पण तोंडातून कबड्डी, कबड्डी चालूच होती. मी कोपरांवर रांगत होते, मागे मालन वन्संचा सगळा भार, आणि त्यांच्याही छातीचा भाता मला ऐकू येत होता. हाताची बोटं मातीत रुतवून मी एकेक वीत पुढे सरकत होते. शांताक्का रेषेच्या पलीकडून हात हलवत होती. श्वास संपला, छातीत काहीच उरलं नाही, तरी कुठून तरी आणखी दोन कबड्ड्या निघाल्या, आणि माझी बोटं चुन्यावर पडली.

गुरुजींची शिट्टी वाजली. अठरा-सतरा.

मग जे झालं ते विचारू नका. सुनांनी मला उचललं, पाडलं, पुन्हा उचललं. हलगीवाला मध्ये येऊन नाचायला लागला. आमच्या घरच्यांनी आपल्या सख्ख्या बहिणीचा पराभव झालेला असताना फेटा हवेत उडवला. मी हसत होते, ओरडत होते, सहा वर्षांनी जिंकलो होतो आणि मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

उसाची मोळी आली. मालन वन्सं देवळाच्या पायरीवर बसल्या. त्यांच्या हातात कांडं दिलं. त्यांच्या संघातली एक भाची पुढे येऊन हळूच म्हणाली की आत्या, तुमच्या वतीने मी सोलते, चालतं की. खरं तर चालत होतं. कप्तानाच्या जागी दुसरीने सोललं असतं तर कोणी हरकत घेतली नसती.

"न्हाई," मालन वन्सं म्हणाल्या. "हारलेय मी."

त्यांनी ऊस तोंडाशी नेला. खाली घेतला. पुन्हा नेला. लोक हसायला लागले, कोणीतरी म्हणालं, लेकी माजल्यात, सोलायचं विसरल्या. मालन वन्संनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी तोंडाकडे हात नेला, काहीतरी केलं, आणि हात पुढे करून उघडला.

तळहातावर कवळी होती. वरची आणि खालची, दोन्ही.

हलगी बंद झाली. समोर बसलेली बाई मालन वन्सं नव्हतीच. गाल आत गेलेले, ओठ मुडपलेले, एका क्षणात वीस वर्षांनी म्हातारी झालेली कोणी दुसरीच बाई होती. त्यांनी पदर आड धरला नाही.

"सा वर्सं झाली," त्या माझ्याशीच बोलत होत्या, पण सगळ्या मैदानाला ऐकू जात होतं. "तुमच्यासारकंच. सांजंला तोंडात इस्तू. झोप न्हाई, निसता घाम. म्हटलं दातच वैरी हायती. पुण्यात येकेक करून समदं काढलं, गावात कुणाला कळू दिलं न्हाई. दात गेलं. जळणं गेलं न्हाई. त्ये गेलं बाईमाणसांच्या डाक्टरणीकडं गेल्यावर."

तो बोबडा दम. हसताना तोंडावर येणारा पदर. मघाशी सगळ्यांसमोर मी गुरुजींना काय बोलले ते आठवलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता रेघंवर येताना तोंड जळत हुतं का वो?" त्यांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. जीभ ओठांवरून फिरवली, हिरड्यांवरून फिरवली. माती लागली. पडल्यापासून, उचलल्यापासून, एवढा वेळ मला तोंडाची आठवणच नव्हती. जळजळ आता कुठे हळूहळू परतायला लागली होती.

"नाही," मी म्हणाले.

"मंग? दात तर तितंच हायती की."

मालन वन्संनी न सोललेलं कांडं माझ्यापुढे धरलं.

"घ्या. माज्याकडं सोलाया काय न्हाई. तुमी जिंकला, सोमवारी जावा. मी म्हटलंय, एक शबुद बोलायची न्हाई."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि ते कांडं माझ्याच दातांनी सोललं. जिभेला आग लागली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी शेवटच्या पेरापर्यंत सोललं. शांताक्काच्या खुरप्याने त्याचे बारीक करवे केले आणि त्यांच्या ओंजळीत घातले. त्या चोखत बसल्या. रस हनुवटीवरून ओघळत होता आणि त्या पुसत नव्हत्या.

"पुण्याची गाडी सकाळी किती वाजता असते, वन्सं?" मी विचारलं.

सोमवारी मी तालुक्याला गेले नाही. मालन वन्संसोबत पुण्याला, त्यांच्या डॉक्टर निमकर बाईंच्या दवाखान्यात बसले होते. त्यांनी रक्त तपासलं, साखर पाहिली, तोंडात बुरशी नाही ना ते पाहिलं, आणि मग मालन वन्संनी विचारलेलेच सगळे प्रश्न विचारले. या वेळी मी नीट उत्तरं दिली. बाईंनी कागदावर एक गोल काढून मला समजावलं. पाळी जायच्या सुमाराला अंगातली काही हार्मोन कमी होतात. काही बायकांना त्यामुळे घाम येतो, झोप उडते, आणि काहींच्या तोंडाच्या नसा जिथे काही इजा नाही तिथे जळल्याची खबर द्यायला लागतात. झोप अपुरी पडली की तेच दुखणं जास्त बोचतं. दुखलं की झोप येत नाही. त्या म्हणाल्या, सगळ्यांचं असंच असतं असं नाही, पण तुमचं गाडं या गोलात फिरतंय. आपण झोपेच्या बाजूने सुरुवात करू.

मी विचारलं की मग दातांचं काय. त्या म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ घासा.

जादू झाली नाही. गोळ्या होत्या, ठरल्या वेळेला अंथरूण होतं, दुपारची झोप बंद होती. तीन आठवड्यांनी एकदा मी सलग सहा तास झोपले आणि उठल्यावर घरभर सांगत सुटले, जणू मला मुलगा झाला होता. भोसरीला फोन लावला. मालन वन्संनी पलीकडून एवढंच सांगितलं की संध्याकाळी कसं होतं ते बघून पुन्हा लावा. संध्याकाळी मी गरम भाकरी खाल्ली. आठ महिने लागले, पण ती आग विझली. कधीमधी जागरण झालं की अजून जिभेचा शेंडा चुरचुरतो. तेवढं चालायचंच.

याला पंधरा वर्षं झाली. मला चौसष्टावं लागलं आहे, आणि त्या दोन दाढा सोडल्या तर माझे सगळे दात जागेवर आहेत. आम्ही दोघी आता खेळत नाही, देवळाच्या पायरीवर बसून आरडाओरडा करतो. कोणीही जिंको, आमच्या दोघींपुरतं एक कांडं वेगळं येतं. ते मी सोलते, त्या करवे चोखतात.

गेल्या जत्रेला खेळ रंगात आलेला असताना मालन वन्संनी मला कोपराने ढोसलं. सुनांच्या बाजूला एक पंचेचाळीस-शेहेचाळीसची बाई खेळ सोडून बाहेर येऊन बसली होती. ओला पदर ओठांवर दाबून धरला होता आणि डोळे झोप न झालेल्या माणसासारखे लाल होते. शेजारणीला ती सांगत होती की दाताच्या डॉक्टरने पुढच्या आठवड्याची तारीख दिली आहे.

मालन वन्संनी हातातले करवे माझ्या ओटीत टाकले. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि भरल्या मैदानातून तिच्याकडे चालता चालता त्यांनी आपला हात तोंडाकडे नेला.